एवढा मोठा आजार आणि नुसती गोळी?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो नाही, रोज इमॅटिनिबची गोळी चालू आहे. केस गेले नाहीत, कामावर पण जातो. आई म्हणते डॉक्टर काहीतरी लपवतायत. आणि हीच गोळी शेजारच्या काकूंना का देत नाहीत, त्यांना स्तनाचा कॅन्सर आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : आईंना सांगा, कोणी काही लपवत नाहीये. केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडते, त्यात केसांची मुळं पण सापडतात, म्हणून टक्कल. भावाची गोळी मात्र नेमका बिघाड धरते. आता हा बिघाड सापडला कसा ते ऐका. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघा संशोधकांना सीएमएलच्या पेशंटच्या पेशींत एक क्रोमोसोम (गुणसूत्र, पेशीतला जनुकांचा धागा) आखूड दिसला, बस, एवढंच. तो का आखूड, हे कळायला १९७३ उजाडलं. शिकागोच्या संशोधक डॉक्टर जॅनेट राउली घरी डायनिंग टेबलावर क्रोमोसोमचे फोटो कात्रीने कापून जुळवत बसायच्या (पोरं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून!) आणि त्यांच्या लक्षात आलं की ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमने आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या जोडातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं, ते म्हणजे चालूच राहिलेलं बटण, पांढऱ्या पेशी वाढतच सुटतात. इमॅटिनिब त्या प्रोटीनच्या खाचेत जाऊन बसते नि बटण बंद. अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी पेशंटवर केलेल्या या गोळीच्या पहिल्या चाचणीत पुरेसा डोस घेतलेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं, मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी. म्हणजे आखूड क्रोमोसोम ते गोळी, ४१ वर्षं!

काकूंच्या पेशींत हा जोडच नाही, मग गोळी बसणार कुठे? स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू नावाचं प्रोटीन जास्त असतं, त्यावर ट्रास्टुझुमॅब हे वेगळं इंजेक्शन आहे. त्यांच्या रिपोर्टमध्ये हर-टू पॉझिटिव्ह आहे का तेवढं डॉक्टरांना विचारा. बऱ्याच कॅन्सरमध्ये एक नाही, ढीगभर बिघाड असतात, तिथे एका गोळीने भागत नाही.

आणि भाऊ ठणठणीत दिसतोय म्हणून गोळी चुकवू देऊ नका, हे फार होतं. कधी त्या खाचेचा आकारच बदलतो आणि गोळी बसेनाशी होते, म्हणून तर बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी ठराविक महिन्यांनी करायला लावतात. गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली तर घाबरून बंद करू नका, या गोळीने ती येते, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.