पंधरा वर्षांनी फक्की कोण मारणार?

नागपूरची जिल्हा फुटबॉल लीग आटोपली की माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. जिंकलेल्यांना आभाळ ठेंगणं वाटतं, हरलेल्यांना क्लब गुंडाळावासा वाटतो. यंदाचे पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिली, कारण तो दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

प्रश्न: नंदनवन भागातला आमचा क्लब 12 वर्षांचा आहे. यंदा वरच्या गटात गेलो. कमिटीने ठरवलंय, दहा वर्षांत आयएसएल, म्हणजे देशातली सर्वात वरची इंडियन सुपर लीग. जमेल का?

कागदावर जमेल. 2023 मध्ये पंजाब एफसी आणि 2024 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग खालची आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेले, म्हणजे दार आहे. पण त्या दाराखालच्या पायऱ्या मोजा: जिल्हा, राज्य, मग आय-लीग 3, आय-लीग 2, आय-लीग. वर जाल तसा क्लब परवाना आडवा येतो. मैदान, वयोगटांचे संघ, लायसन्सवाले कोच, ऑडिट झालेले हिशेब, सगळं तपासतात. तुमच्या क्लबचे हिशेब सध्या कोणाच्या डायरीत आहेत, हे मी विचारत नाही.

आणि वर पोहोचलेले तरी टिकतात का? एफसी पुणे सिटी 2014 च्या पहिल्याच आयएसएलमध्ये होता. 2019 मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला. हैदराबादने 2022 मध्ये करंडक उचलला, आणि 2025 मध्ये तो संघ उचलून दिल्लीला नेला. पुण्याचेच भारत एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे एक-दोन हंगाम खेळून दिसेनासे झाले. खुद्द आयएसएलचं काय झालं? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 2010 मधला 15 वर्षांचा व्यावसायिक करार संपत आला आणि 2025 चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. ज्या घरात भाड्याने जायचंय, त्याच घराची ही गत.

मग कमिटीतला कोणीतरी आयझॉलचं नाव घेईल. घेऊ द्या. आयझॉल एफसी 2016-17 मध्ये आय-लीग जिंकला, हे खरंच. पण क्लब 1984 चा. 2012 मध्ये मिझोरमची स्वतःची लीग उभी राहिली, तिथल्या केबल वाहिनीने सामने घरोघरी दाखवले, आणि पोरांना आठवड्याला चुरशीचा सामना मिळू लागला. क्लबच्या आधी लीग मोठी झाली. विजेतेपदानंतर कोच खालिद जमील आणि बरेच खेळाडू दुसरीकडे गेले, क्लबला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागली. तरी तो उभा आहे, कारण खाली पोरं तयार होती.

माझी मोजपट्टी साधी आहे. पंधरा वर्षांनी रविवारी पहाटे तुमच्या मैदानावर रेषा आखायला, चुन्याची फक्की मारायला कोणी येईल का? कामठीचा रब्बानी, मोमिनपुऱ्याचा यंग मुस्लिम ही नावं नागपुरात पिढ्यानपिढ्या ऐकू येतात ती याच बळावर. तुमच्यासाठी दहा वर्षांचं लक्ष्य मी असं लिहीन: वरच्या गटात टिकणं, 13, 15 आणि 17 वर्षांखालचे तीन संघ न चुकता उतरवणं, डी लायसन्स, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा परवाना असलेले दोन कोच, आणि राज्याराज्यांच्या संघांत होणाऱ्या संतोष करंडकाच्या राज्य शिबिरात आपला एक पोरगा. एकदा राज्य पातळीवर खेळलात तर मिठाई वाटा.

एक आठवण करून देतो. नागपूरचं नाव फिफापर्यंत गेलं ते कुठल्या गुणतक्त्यातून गेलं नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं, त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली आणि 2016 मध्ये तिला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला.

प्रश्न: एक बिल्डर दोन वर्षं पैसे द्यायला तयार आहेत. अटी दोन: क्लबच्या नावात त्यांचं नाव, आणि बाहेरून सहा तयार खेळाडू. घ्यावं का?

पैसे घ्या, नाव जर्सीवर द्या. क्लबच्या नोंदणीतलं नाव देऊ नका. ते बदलायचं तर धर्मादाय आयुक्तांकडे फेरफार अर्ज, आणि दोन वर्षांनी साहेब गेले की पुन्हा तेच सोपस्कार. त्यात निवडणूक जवळ असेल तर उत्साहाचं आयुष्य निकालापर्यंतच असतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

सहा खेळाडूंचं मात्र नको. मी आठ वर्षं एका क्लबचा खजिनदार होतो. एका साली आम्ही सामन्यामागे पैसे मोजून बाहेरची पोरं आणली, तीन टुर्नामेंट जिंकल्या, शाल-श्रीफळ, फोटो, सगळं झालं. पुढच्या जूनमध्ये हजेरीवही उघडली तर 14 वर्षांखालच्या पानावर चार नावं. बाकीच्यांना वर्षभर बाकावर बसवलं होतं, ती क्रिकेटला गेली. त्या करंडकांपैकी एकाची मूठ तुटली आहे, तो अजून माझ्या माळ्यावर आहे.

बिल्डरसाहेबांना सांगा, बोअरवेल आणि दोन दिवे लावून द्या. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा पाणी असेल तरच मैदान जगतं.

प्रश्न: मुलगा 13 वर्षांचा, चांगला खेळतो. क्लबचे सर म्हणतात, पुढे करिअर आहे. आई म्हणून मी काय समजू?

ताई, सरांना विचारा, कुठलं करिअर? फक्त खेळून घर चालवणारे देशात फार थोडे. पण फुटबॉलच्या आधाराने नोकरी मिळवणारे बरेच आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेची खेळाडू भरती आहे. त्यासाठी ठरावीक दर्जाच्या अधिकृत स्पर्धेतली कामगिरी लागते. गल्लीतल्या चषकाचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत घरात ठेवा, क्लबच्या कपाटात नको. आणि सरावामुळे शाळा बुडत असेल तर सराव कमी करा. चांगला कोच यावर रागावत नाही.

प्रश्न: आमच्याकडे लहानाचा मोठा झालेला पोरगा मोठ्या अकादमीत गेला. उद्या तो महागात विकला गेला तर आम्हाला काही मिळेल?

मिळू शकतं, पण त्याची नोंद तुमच्या नावावर असली तर. फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे देऊन गेला की त्या रकमेचा 5 टक्के भाग त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. समजा सौदा 1 कोटीचा झाला. वाटायचे 5 लाख. 12 ते 15 या चार वर्षांपैकी प्रत्येक वर्षाला त्यातले 5 टक्के, म्हणजे पोरगा ही चारही वर्षं तुमच्याकडे असेल तर तुमचा वाटा 1 लाख. एका मोसमाचे बॉल आणि जाळ्या निघतील. त्यावर बजेट मांडू नका. पण महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत दर मोसमाला प्रत्येक पोराची नोंद करा. आपले लोक हे काम ‘पुढच्या आठवड्यात’वर टाकतात आणि पोरगा निघून गेल्यावर जन्मदाखला शोधत बसतात.

प्रश्न: मुलींचा संघ सुरू केला. पहिल्या महिन्यात 19 आल्या, आता सहा. चूक कुठे झाली?

तुमचा सराव संध्याकाळी साडेपाच ते सात, असं पत्रात आहे. डिसेंबरात नागपुरात साडेपाचलाच सूर्य मावळतो. मैदानावर दिवे नाहीत, संडास नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. सराव चारला ठेवा, पाचला सोडा. शेजारच्या शाळेशी बोलून एक खोली आणि संडास उघडून मागा. आणि ज्या 13 गेल्या, त्यांच्या घरी फोन नको, जाऊन या. जाताना त्या सहांपैकी एकीच्या आईला सोबत न्या.