घर गहाण टाकून रॅली४ ची गाडी घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे लेक सोळाचा, ज्युनियर १००० मध्ये (छोट्या १००० सीसी गाड्यांची पोरांची रॅली मालिका) दोन सीझन झालेत, पोडियमवरही आलाय, आता सतराचा झाला की थेट रॅली४ (रॅलीसाठीच बनवलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा खालचा वर्ग) म्हणतोय, मिस्टर घरावर जादा मॉर्गेज काढायला तयार आहेत आणि तुम्हाला एवढंच कळून घ्यायचंय की ब्रिटनमध्ये यात पुढे पोटापाण्याचं काही आहे का. मी बरीच वर्षं वेल्समधल्या आणि उत्तर इंग्लंडमधल्या रॅल्यांना सर्व्हिस क्रूमध्ये, म्हणजे स्टेजच्या मधे गाडी दुरुस्त करणाऱ्यांत, जातोय, अशी बरीच पोरं आणि त्यांचे आईबाप जवळून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण आधी उत्तर देऊन टाकतो: घराला हात लावू नका, आणि पोराला थांबवूही नका. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, फक्त रॅली४ ची घाई सोडावी लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रायव्हिंगवर पगार मिळतो अशा जागा जगात किती आहेत ते बघा. वर्ल्ड रॅलीच्या सगळ्यात वरच्या वर्गात म्हणजे रॅली१ मध्ये टोयोटा, ह्युंदाई आणि एम-स्पोर्ट (फोर्डच्या गाड्या उतरवणारी इंग्लंडमधली टीम) मिळून जेमतेम दहा-बारा गाड्या असतात, त्यातल्याही काही सीटवर ड्रायव्हर स्वतःचं बजेट घेऊन बसतो. त्याच्या खाली रॅली२, रॅली३, रॅली४, सगळीकडे जवळपास प्रत्येकजण पैसे देऊन चालवतो. रॅली२ ची नवी गाडी दोन लाख युरोच्या वर, रॅली४ सुद्धा नवी घ्यायला गेलात तर सत्तर हजार युरोच्या वर, आणि ही फक्त गाडी झाली हो, टायर, पेट्रोल, एन्ट्री फी, व्हॅन, हॉटेल, मेकॅनिक, स्पेअर पार्ट हे सगळं त्याच्यावर. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये पोरगा चांगला निघाला की क्लब उचलतो, इथे चांगला निघाला की बिल वाढतं.

पूर्वी असं नव्हतं का? तेव्हाही पैसा लागायचाच पण वाट तरी होती. कोलिन मॅकरेचे वडील जिमी स्वतः पाच वेळा ब्रिटिश चॅम्पियन, म्हणजे घरातच शाळा, पण कोलिनला वर उचललं ते सुबारूची रॅली टीम चालवणाऱ्या बॅनबरीच्या प्रोड्राइव्ह कंपनीने, सुबारूच्या गाडीत. १९९१ आणि १९९२ ला तो ब्रिटिश चॅम्पियन झाला आणि १९९५ ला वर्ल्ड चॅम्पियन. रिचर्ड बर्न्सचंही तेच, १९९३ ला प्रोड्राइव्हच्या सुबारूत ब्रिटिश चॅम्पियन आणि २००१ ला वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे कारखान्याच्या पाठिंब्याची टीम घराजवळ होती, ती टीम घरच्याच चॅम्पियनशिपमध्ये गाड्या उतरवायची आणि वर सिगरेट कंपन्यांचा बक्कळ पैसा होता. सिगरेटची जाहिरात कायद्याने बंद झाली, सुबारू २००८ च्या शेवटी गेली, फोर्डने २०१२ नंतर फॅक्टरी टीम म्हणून हात काढला. उरली एम-स्पोर्ट, कॉकरमथजवळच्या डोव्हनबी हॉलमध्ये, माल्कम विल्सन यांची. त्यांनी ब्रिटिश पोरांसाठी खूप केलंय हे मनापासून सांगतो, पण ती खाजगी कंपनी आहे, तिला गाड्या विकून आणि भाड्याने देऊनच घर चालवायचंय. त्यात २०१९ च्या वेल्स रॅली जीबीनंतर ब्रिटनमध्ये वर्ल्ड रॅलीची फेरी झालेली नाही, मग इथल्या कंपनीने स्पॉन्सर म्हणून पैसे का घालावेत, तिचं गिऱ्हाईक ते बघणार कुठे? खरं घोडं इथे पेंड खातं. पोरांमध्ये काही कमी नाही.

क्रिस इंग्रॅमचं बघा. मँचेस्टरकडचा पोरगा, २०१९ ला युरोपियन रॅली चॅम्पियन झाला. त्याआधी हा किताब जिंकलेला ब्रिटिश ड्रायव्हर म्हणजे विक एल्फर्ड, १९६७ साली! मधे बावन्न वर्षं गेली. आणि या पोराला हंगेरीच्या शेवटच्या फेरीला जायला पैसे नव्हते म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. त्या रॅलीच्या शेवटच्या स्टेजवर (घड्याळ लावून चालवायचा रस्त्याचा तुकडा) टायर फुटले तरी किताब मिळाला. बरं युरोपचा चॅम्पियन झाल्यावर तरी कुणी करार घेऊन दारात उभं राहिलं असेल? नाही. पुन्हा बजेटसाठी वणवण. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

आता एल्फिन एव्हान्स. तुमच्या लेकाचा तो हिरो आहे असं लिहिलंयत म्हणून सांगतो. वडील ग्विन्डाफ १९९६ चे ब्रिटिश चॅम्पियन, डॉल्गेल्हाइला घरचं फोर्डचं गॅरेज. म्हणजे गाडी, हत्यारं, ओळखी सगळं घरात. तरीसुद्धा त्याला वर नेलं ते बक्षिसाने, २०१२ ला डब्ल्यूआरसी अकॅडमी (डब्ल्यूआरसी म्हणजे वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, तिची तरुण ड्रायव्हरांची मालिका) जिंकला तिथून. पुढे २०१६ ला त्याला वरच्या गाडीतून खाली उतरवलं, तेव्हा तो गप्प ब्रिटिश चॅम्पियनशिप खेळला, ती जिंकला आणि २०१७ ला परत येऊन वेल्सची फेरी जिंकली. आज टोयोटात आहे आणि पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आलाय. म्हणजे घरचा आधार, बक्षीस आणि पडल्यावर उठायची तयारी असं तिन्ही जुळलं तेव्हा कुठे एक एव्हान्स तयार झाला.

दुसऱ्या देशात काय करतात हेही कळू दे. फ्रान्समध्ये त्यांच्या फेडरेशनची रॅली ज्यून नावाची निवड योजना आहे, कुणीही थोडीशी फी भरून चाचणीला येतो आणि जिंकणाऱ्याला फेडरेशन गाडीत बसवतं. पुढे वर्ल्ड चॅम्पियन झालेला ओजिए २००५ ला त्यातूनच वर आला, दुसरा वर्ल्ड चॅम्पियन लोबही त्याच चाचण्यांमधून दिसला. एड्रियन फूर्मो तर मेडिकलचा विद्यार्थी, २०१६ ला तिथे निवडला गेला, आणि गंमत म्हणजे २०२३ ला ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकून गेला तो हाच. आयर्लंडमध्ये मोटरस्पोर्ट आयर्लंडची रॅली अकॅडमी आहे, जॉन कॉइन नावाच्या उद्योजकाचं पाठबळ आहे तिला. त्यामुळे आज नॉर्दर्न आयर्लंडची पोरं पुढे दिसतायत, विल्यम क्रायटन २०२३ ला ज्युनियर डब्ल्यूआरसी जिंकला, जॉश मॅकर्लीन २०२५ ला एम-स्पोर्टच्या रॅली१ गाडीत बसला. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडच्या पोरांना या तोडीचा आधार नाही. ब्रिटनमधल्या मोटरस्पोर्टची संस्था मोटरस्पोर्ट यूके, तिची अकॅडमी आहे, चांगली आहे, फिटनेस, मानसिक तयारी, मीडियाशी कसं बोलायचं हे शिकवतात, पण तिथून सीझनचं बिल भरलं जाईल या आशेवर बसू नका. सोळा ते अठरा वयासाठी त्यांचा डिप्लोमा इन स्पोर्टिंग एक्सलन्स आहे, कॉलेजसोबत करता येतो, त्याची चौकशी मात्र नक्की करा.

मग करायचं काय. माझं मत स्पष्ट आहे, पहिली दोन-तीन वर्षं पैसा गाडीच्या दर्जावर न घालता मैलांवर घाला. जुनी, साधी, पार्ट स्वस्तात मिळणारी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या आणि वर्षभर जमतील तेवढ्या रॅल्या करू द्या, चिखलात, बर्फात, डांबरावर, पावसात. रॅली४ ची गाडी घेऊन वर्षात तीनच रॅल्या परवडल्या तर पोरगं शिकणार कधी? आणि त्या तीनमध्ये एकदा जरी झाडाला लागली तर सीझन संपला.

हे मी का सांगतोय ते ऐका. मिड वेल्समधल्या एका फॉरेस्ट रॅलीत आमच्या शेजारच्या ताडपत्रीवर एक कुटुंब होतं, पोरगा एकोणीसचा, भाड्याची भारी गाडी. दुपारच्या सर्व्हिसला गाडी आली ती पुढचं डावं चाक आत वळलेलं, खालचा आर्म वाकलेला. मेकॅनिक गुडघ्यावर चिखलात बसून बोल्ट सोडत होता, पोरगा हेल्मेट हातात धरून बापाकडे बघत होता आणि बाप फोनवर बँकेचं ॲप उघडून उभा, कारण टीमच्या माणसाने तो आर्म, ट्रॅकरॉड आणि दोन टायर यांचा आकडा त्याच जागी सांगितला होता. आई व्हॅनच्या मागे चहा करत होती, कुणाशी बोलली नाही. पोरगा पुढच्या दोन स्टेज इतका जपून गेला की चालवला काय न चालवला काय. वेगाची भीती नव्हती हो त्याला, त्या ॲपची होती. घर गहाण ठेवून पोराला गाडीत बसवलंत तर तुमच्या लेकाच्या डोक्यातही दर वळणाला ते घर येणार. म्हणून म्हणतो, नको.

अजून एक, ज्याकडे इथे फार कमी लोक लक्ष देतात. ब्रिटनमधल्या बऱ्याच छोट्या रॅल्यांना विकत मिळणाऱ्या तयार नोट्स (शेजारी बसलेला को-ड्रायव्हर वाचून दाखवतो ती वळणांची टिपणं) आणि व्हिडिओवर काम भागतं. वर्ल्ड रॅलीत दोनदा रस्ता बघून स्वतःच्या नोट्स स्वतः लिहाव्या लागतात आणि इथलं पोरगं पहिल्यांदा बाहेर गेलं की तिथेच मार खातं, वेगात नाही. त्यामुळे रेकी, म्हणजे आधी रस्ता बघून नोट्स लिहिणं, करू देणाऱ्या रॅल्या मुद्दाम शोधा. वाहतुकीला बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या डांबरी रॅल्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये जुन्याच आहेत, इंग्लंडमध्ये कायदा २०१७ ला बदलला आणि २०१८ पासून क्लॅक्टनला सुरू झाल्या, वेल्समध्ये तर रॅली केरेडिगियन २०२४ आणि २०२५ ला युरोपियन चॅम्पियनशिपची फेरी होती. वर्षातून एकदा बेल्जियम नाहीतर बाल्टिक देशांत साध्या गाडीत जाऊन आलात तरी पोरगा खूप शिकेल.

मोठा खर्च करायचाच तर जिथे जिंकल्यावर पुढची पायरी मिळते तिथेच करा. ज्युनियर डब्ल्यूआरसी त्यासाठी, सगळ्यांना सारखी गाडी आणि जिंकणाऱ्याला रॅली२ गाडीत वर्ल्ड रॅलीच्या फेऱ्या. बाकी मालिकांची बक्षिसं दरवर्षी बदलतात, त्या वर्षीचं नियमपत्रक हातात घेऊनच निर्णय घ्या, पॅडॉकमधल्या गप्पांवर नाही.

स्पॉन्सरबद्दल. पोराने मोठ्या कंपन्यांना ईमेल पाठवत बसू नये, कुणी उत्तर देत नाही. गावातला बांधकामवाला, टायरचं दुकान, तुमच्या ओळखीतला केटरिंगवाला, असे लोक पैसे देतात, पण दारावरच्या स्टिकरसाठी नाही, तर त्यांच्या गिऱ्हाइकांना रॅलीला नेलं, को-ड्रायव्हरच्या सीटवर फिरवून आणलं, त्यांच्या दुकानासमोर शनिवारी गाडी उभी केली, एकमेकांशी धंद्याच्या ओळखी करून दिल्या तर. मिस्टरांची स्वतःची लिमिटेड कंपनी आहे आणि तिच्यातून स्पॉन्सर करायचा विचार आहे असं लिहिलंयत, तिथे सांभाळा, एचएमआरसी (इथलं कर खातं) विचारतं की हा खर्च निव्वळ धंद्यासाठी आहे की मुलाच्या हौसेसाठी, आणि घरच्याच मुलाच्या बाबतीत ते पटवणं अवघड जातं. आधी अकाउंटंटशी बोला.

राहिला करिअरचा प्रश्न. ड्रायव्हर म्हणून पगार मिळेल यावर भरवसा नको, पण रॅलीत पोट भरणारी माणसं भरपूर आहेत. क्रिस मीक एम-स्पोर्टमध्ये कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करायचा, तिथून पुढे वर्ल्ड रॅलीच्या पाच फेऱ्या जिंकला. जॉन आर्मस्ट्राँग २०१८ ला रॅलीच्या ई-स्पोर्ट्सचा वर्ल्ड चॅम्पियन, मग कोडमास्टर्समध्ये रॅली गेम बनवायच्या कामात, सोबत ड्रायव्हिंग चालूच. को-ड्रायव्हर म्हणून तर ब्रिटिश लोकांना जगभर मान आहे, निकी ग्रिस्ट, फिल मिल्स, रॉबर्ट रीड, आता एव्हान्सच्या शेजारी बसणारा स्कॉट मार्टिन. म्हणून लेकाला इंजिनिअरिंग किंवा मोटरस्पोर्टची अप्रेंटिसशिप करू द्या, शनिवार-रविवार एखाद्या टीमच्या सर्व्हिसला फुकट राबू द्या. तिथे हात काळे केलेल्या पोराला टेस्टला बसवताना टीमवाले मागेपुढे बघत नाहीत.

आणि हे सगळं वाचूनही एखादी रॅली भाड्याच्या रॅली४ मध्ये करून बघायचीच असेल तर करा, एकदा अनुभव घ्यायला हरकत नाही. फक्त सही करायच्या आधी करारातलं डॅमेजचं कलम काढून बघा, गाडी ठोकली तर तुमच्यावर जास्तीत जास्त किती येणार, इंजिन आणि गिअरबॉक्स त्यात धरलेत का, आणि रॅली रद्द झाली तर डिपॉझिट परत मिळतं का. मसुदा आला की नावं खोडून मला मेसेजमध्ये पाठवा, मी वाचून सांगतो.