भाकरी फुगली की निग्रह सुटतो

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची, इस्लामपूरला पतसंस्थेत नोकरी करते. दिवाळीनंतर एका शिबिराला गेले होते. अन्न शिजवलं की त्यातली एन्झाइम्स (पचनाला मदत करणारे घटक) मरतात, म्हणून सगळं कच्चंच खायचं, असं तिथं सांगितलं. तेव्हापासून सकाळी गाजर-बीटचा रस, दुपारी डब्यात काकडी, टोमॅटो आणि मोडाचे मूग, चारला पपई नाहीतर सफरचंद, रात्री परत सॅलड आणि पाच बदाम. आठ किलो उतरले. पण घरात पाच माणसांचा स्वयंपाक मलाच असतो. संध्याकाळी तव्यावर भाकरी फुगली की पापुद्रा सोलून लसणीच्या चटणीला लावते आणि उभ्या-उभ्याच खाते. मग एकीवर थांबत नाही. रात्रभर मन खातं. पोट गच्च असतं, हातपाय गार पडतात, दोन महिने पाळी नाही. सासूबाई म्हणतात, ‘आमाला भाकरी थापतीस आन् सोता काकडी चावत बसतीस, कशापायी?’ मनाचा निग्रह कसा वाढवायचा?

उत्तर : निग्रहाचं नंतर बघू. आधी पाळीचं बघा. ‘चाळिशी आली, असंच व्हायचं’ म्हणून सोडून देऊ नका. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती तपासणी पहिली, मग स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या. जर्मनीत गीसेन विद्यापीठाने कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी केली होती; ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा पार थांबली होती. जेवढं कच्चं जास्त, तेवढा हा त्रास जास्त. पोटात पुरेसं जात नसेल तर शरीर आधी हाच खर्च बंद करतं.

आता तुमच्या डब्याचा हिशेब. अर्धा किलो काकडी खाल्ली तरी ७५-८० कॅलरी. एका मध्यम भाकरीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १,६६० लागतात असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं कोष्टक सांगतं. तुम्ही लिहिलेलं सगळं मी मोजलं. सढळ हाताने धरलं तरी हजाराच्या आतच राहतं. पतसंस्थेत आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते : संध्याकाळची भाकरी ही थकबाकीची वसुली आहे. ती होणारच. उद्या मन दगडासारखं केलंत तरी परवा होईल.

एन्झाइम्सचं म्हणाल, तर ती प्रथिनं असतात आणि बहुतेक जठरातल्या आम्लातच मोडतात. पचनाचं काम आपलं लाळ-स्वादुपिंड-आतडं करतं. उलट ज्वारी-गव्हातला स्टार्च शिजल्यावर फुगतो, म्हणून तो आपल्याला नीट पचतो. ‘क’ जीवनसत्त्व शिजवताना कमी होतं, हे मात्र खरं. त्यासाठी लिंबू, पेरू, कोथिंबीर कच्ची आहेच की.

आणि शिबिराचा नियम अक्षरशः पाळायचा तर आपली कोशिंबीरही बाद. तिच्यातलं कूट भाजलेल्या दाण्यांचं, वरची फोडणी कडकडीत. गूळ उकळलेला, पोहे भाजून कांडलेले. मराठी स्वयंपाकघरात राहून हे सोवळं सांभाळायचं म्हणजे कठीणच. गांधीजींनीसुद्धा १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबं, मध. ‘यंग इंडिया’त त्याबद्दल लिहिलंही. काही महिन्यांत आजारी पडले आणि प्रयोग थांबवला. त्यांचा निग्रह कमी पडला असं कोण म्हणेल?

तुम्हाला कच्चं आवडतं ना? मग सकाळ-दुपारचं ठेवा, फक्त रसाऐवजी गाजर चावून खा. डब्यात कोशिंबिरीबरोबर भाकरी आणि घट्ट दही न्या. मुगाला एक वाफ द्या. मोड यायला लागणाऱ्या ओल-उबेत जंतूही मजेत वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या साथीत पन्नासच्या आसपास माणसं दगावली. तुमचं गच्च पोटही वाफवल्यावर बरंच हलकं होईल. राजमा, चवळी तर कधीच कच्ची नको, नीट शिजवूनच. गाजर-टोमॅटो थोड्या तेलावर परतले की त्यांतले रंगद्रव्य अंगी जास्त लागतात. बी-१२ मोडांत नाही आणि पालेभाज्यांतही नाही. दूध-दही, अंडी चालत असतील तर अंडी, आणि रिपोर्ट कमी आला तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या.

संध्याकाळी ऑफिसातून आल्या-आल्या, पीठ मळायच्या आधी, मूठभर फुटाणे नाहीतर दाणे-गूळ खाऊन घ्या. उपाशी पोटी तव्यासमोर उभं राहायचं नाही. पहिली फुगलेली भाकरी सासूबाईंना द्या, दुसरी स्वतःच्या ताटात वाढा, आणि बसून खा, वरणाबरोबर. बाकीच्या भाकऱ्या घरातलं दुसरं कुणी थापू शकतं का, हेही एकदा विचारून बघा.

किलो-दोन किलो परत चढतील, त्यात पुष्कळसं पाणीच असेल. काट्यावर रोज चढू नका. रिपोर्ट आले की बी-१२ आणि टीएसएचचे (थायरॉइडच्या तपासणीतले) आकडे मला कळवा. पोटासाठी एखादं चूर्ण चालू असेल तर त्याचं नावही लिहा, ते पत्रात राहिलंय.