पिशवी लागल्यानंतरचे पहिले महिने

ताई, ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत, भीती वाटणारच. माझ्या इलिओस्टॉमीला, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून मल पिशवीत घ्यायच्या ऑपरेशनला, ९ वर्षं झाली. एक गोष्ट आधी मनात पक्की करा: मोठं आतडं काढलं म्हणून पचन थांबत नाही. अन्न पचवणं, त्यातलं सत्त्व घेणं हे बहुतेक लहान आतड्यातच उरकतं. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ परत ओढून घेण्याचं. रोज साधारण १.५ लिटर पातळ ऐवज त्यात उतरतो आणि मलावाटे जेमतेम १०० ते २०० मिली पाणी बाहेर जातं. ती राखण आता तुम्हाला करायची आहे.

म्हणून तहान लागली की नुसतं साधं पाणी तांब्यातांब्याने पिऊ नका, त्याने मीठ आणखी वाहून जातं. ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पहिल्या उन्हाळ्यात मी हे मनावर घेतलं नाही. लघवी गडद पिवळी, पोटऱ्यांत गोळे, उठलं की भोवळ, शेवटी सलाईन लावावं लागलं. पिशवीत दिवसाला १.५ लिटरच्या वर पातळ मल यायला लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

मऊ भात, केळं याने मल जरा घट्ट होतो. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे सध्या नकोतच, अडकतात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. आणि स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, रोज नीट बघा: गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर हवा. काळपट दिसला तर तडक दवाखाना गाठा.