भाड्याच्या गाडीचं ‘कव्हर’ घ्यावं का?

पुण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: “जुलैत सहा दिवस फोंडा घाटाने मालवण आणि पुढे गोवा करणार आहोत. कंपनीची सेल्फ-ड्राइव्ह गाडी दिवसाला २,८०० रुपयांना मिळतेय. नुकसान झालं तर जास्तीत जास्त २५,००० आमच्या अंगावर. दिवसाला ४५० जादा भरले तर ती मर्यादा ५,००० वर येते. ओळखीतले एक जण स्वतःची गाडी १,८०० ला द्यायला तयार आहेत. गाडी माझे मिस्टर आणि दीर आलटून पालटून चालवतील. बुकिंग मिस्टरांच्या नावावर आहे. काय करावं?”

ताई, ओळखीतली गाडी आधी यादीतून काढा. भाड्याने स्वतः चालवायला द्यायच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापराची, आणि तिच्या विमा पॉलिसीत भाड्याने दिलेला वापर वगळलेला असतो. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ‘गाडी कोणाकडे, कशासाठी होती’ विचारलं की दुरुस्तीचा क्लेम अडकतो, आणि मालक पैसे तुमच्याकडेच मागणार. सहा दिवसांत वाचतात ६,००० रुपये. धोका मात्र गाडीच्या पूर्ण किमतीचा, आणि कोणाला लागलं तर त्याहून कितीतरी मोठा.

आता कव्हर, म्हणजे ते दिवसाला ४५० जादा. सहा दिवसांचे २,७०० रुपये. बंपर घासला, आरसा तुटला असं चार-पाच हजारांचं नुकसान झालं तर कव्हर काहीच देत नाही, कारण पहिले ५,००० तसेही तुमचेच. म्हणजे बिल ७,७०० च्या वर गेलं तरच कव्हर घेतल्याचा फायदा. आणि पूर्ण २०,००० वाचले असं धरलं तरी सातातल्या एका सहलीत एवढं मोठं नुकसान होणार असेल तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. सवयीच्या चालकाच्या हातून इतक्या वेळा होत नाही. २५,००० तुमच्या बचत खात्यात वेगळे पडून असतील तर कव्हर घेऊ नका. ते क्रेडिट कार्डावर उचलावे लागणार असतील तर मात्र घ्या.

पण हे सगळं गणित ‘२५,००० ही खरोखरच मर्यादा आहे’ यावर उभं आहे, आणि नेमकं तिथेच लोक फसतात. बुकिंगआधी कंपनीला ईमेलवर विचारा: गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिल्याच्या दिवसांचं भाडं या २५,००० मध्येच धरलंय का? वेगळं असेल तर दहा दिवसांचे आणखी २८,००० होतात, आणि ५,००० वाल्या कव्हरचाही तेवढा उपयोग राहत नाही. टोइंग, टायर, रिम, गाडीचा खालचा भाग आणि क्लच यांचंही विचारा. क्लच जळाला तर तो ‘चुकीचा वापर’ म्हणून बहुतेक ठिकाणी भाडेकरूच्याच माथी येतो. परतताना घाट चढायचा आहे. गाड्यांच्या रांगेत हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा.

दिरांचं नाव दुसरा चालक म्हणून बुकिंगमध्ये घाला, लायसन्सची प्रत द्या. नोंद नसलेला माणूस स्टीअरिंगवर असताना काही झालं तर करारातली मर्यादा आणि कव्हर दोन्ही हातचं जातं. शिवाय मोटार पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकाचा असतो, भाड्याने घेऊन चालवणाऱ्याचा नाही. दोघांच्या नावे स्वतंत्र अपघात विमा नसेल तर ते २,७०० तिकडे वळवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

गाडी ताब्यात घेताना उजेडात, न थांबवता तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढा. पुढच्या बंपरची खालची कड, चारही रिम, काचेवरचे टिपके, छप्पर, स्टेपनीतली हवा, जॅक, पाना, आणि इंजिन चालू ठेवून डॅशबोर्ड: किलोमीटर, इंधनाचा काटा, पेटलेले दिवे. तो तिथल्या तिथे कंपनीच्या नंबरवर पाठवा. गाडी परत करतानाही हेच.

वाटेत गाडी बंद पडली तर हॅझर्डचे लुकलुकणारे दिवे लावा, सगळ्यांना रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे उभं करा, गाडीतला लाल इशारा-त्रिकोण पन्नासेक मीटर मागे ठेवा. मग पहिला फोन कंपनीला, मेकॅनिकला नाही. लेखी होकाराशिवाय केलेल्या दुरुस्तीचं बिल परत मिळत नाही. बॅटरी, अल्टरनेटर, बेल्ट ही झीज मालकाची असते. पण तापमानाचा काटा लाल रेघेत गेल्यावरही गाडी रेटली आणि इंजिनातलं हेड गॅस्केट उडालं, तर ते बिल तुमचं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

जुलै आहे म्हणून एवढं नक्की लक्षात ठेवा: साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत, वेगळं ‘इंजिन प्रोटेक्ट’ लागतं. ढकलून बाहेर काढा आणि टो करून घ्या.

धडक होऊन कोणाला लागलं तर आधी १०८ (रुग्णवाहिका), मग ११२ (पोलीस). जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. जागेवर रोख देऊन मिटवलेलं प्रकरण नंतर क्लेममध्ये आडवं येतं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ आहे.

डिपॉझिटमधून पैसे कापले तर वर्कशॉपचं जीएसटी बिल आणि काढलेल्या पार्टचा फोटो मागा. नुसत्या एस्टिमेटवर कापू देऊ नका. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, सोबत दोन्ही व्हिडिओ आणि तो ईमेल जोडा.