वाफेच्या गाडीचा एक दिवस, एकट्याने: वऱ्हाडातून जाणाऱ्यासाठी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दर्यापूरवरून जाणाऱ्या शकुंतलेला, म्हणजे वऱ्हाडातल्या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळाच्या) गाडीला, वाफेचं इंजिन लागतं का, आणि लागत नसेल तर खऱ्या वाफेच्या गाडीत, डोंगरातून, एकट्याने एक दिवस काढायला कुठे जावं.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. मूर्तिजापूर-अचलपूर (76 किमी) आणि मूर्तिजापूर-यवतमाळ (113 किमी) या दोन्ही फाट्यांवर सध्या गाडीच नाही, वाफ तर लांबची गोष्ट. 2 फूट 6 इंच रुंदीच्या या रुळांवर मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं इंजिन 1923 पासून चाललं आणि 15 एप्रिल 1994 ला उतरवलं गेलं. त्यानंतर शेवटपर्यंत डिझेलच होतं. म्हणजे चाळिशीच्या आतल्या माणसाला शकुंतलेची गाडी आठवत असेल, पण तिची वाफ बहुधा घरच्यांच्या तोंडूनच ऐकलेली. नॅरोगेजचं जुनं इंजिन हात लावून पाहायचं असेल तर नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे. अर्धा दिवस पुरतो. पुढच्या प्रवासाआधी ते पाहून घ्या. बॉयलर कुठे, सिलिंडर कुठे, पाण्याची टाकी कुठे हे एकदा डोळ्यांखालून गेलं की प्रत्यक्ष गाडीत बसल्यावर कशाचा आवाज येतोय ते कळतं.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते निलगिरीची गाडी, म्हणजे मेट्टुपाळयम ते उदगमंडलम, आपण ज्याला उटी म्हणतो. पण इथे बहुतेक लोक एक चूक करतात आणि ती घरी आल्यावरच कळते. ही सगळी गाडी वाफेवर चालत नाही. एकूण 46 किमीपैकी खालचा मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा साधारण 28 किमीचा भाग वाफेचा. कुन्नूरला इंजिन बदलतं आणि वर उटीपर्यंत डिझेल लागतं. उटीला मुक्काम करून "टॉय ट्रेन" म्हणून उटी-कुन्नूर तिकीट काढणारे सगळे डिझेलमध्ये बसून येतात. गाडी निळी, डबे जुने, स्टेशनं सुंदर, फोटो छान. फक्त वाफ नाही. म्हणून तिकीट काढताना चढणीचंच काढा आणि खालूनच काढा. स्टेशनचे कोड लक्षात ठेवा: मेट्टुपाळयम एमटीपी, कुन्नूर ओएनआर, उटी यूएएम. एमटीपी ते यूएएम, सकाळी 7:10 ला सुटणारी गाडी. तिकीट काढायच्या दिवशी वेळ पुन्हा एकदा तपासा.

तिकिटाचं आधी सांगतो, कारण सगळं त्यावर अडतं. डबे मोजके, जागा थोड्या. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी 8 लाच बसा. एकट्या माणसाचा इथे फायदा असतो. चौघांच्या कुटुंबाला एकत्र जागा मिळत नाहीत तेव्हाही एखादी सुटी जागा शिल्लक दिसते. वेटिंगच्या भरवशावर मात्र नागपूर सोडू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं आणि तुम्ही तिथे नुसते उभे राहता. अनारक्षित जागा थोड्या असतात, त्यासाठी पहाटेच रांगेत लागावं लागतं.

आधी निलगिरीचं तिकीट पक्कं करा, मगच लांबच्या गाडीचं काढा. उलटं केलं की फसता. दर्यापूरहून मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याला येऊन नागपूर गाठा. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना बल्लारशाह सोपं. तिथून केरळ एक्सप्रेस थेट कोइंबतूरला जाते. एक दिवस आणि एक रात्र धरा, चोवीस तासांहून थोडं जास्तच. कोइंबतूरहून मेट्टुपाळयम 36 किमी, लोकल गाड्या आहेत, बसही आहेत. रात्र मेट्टुपाळयमलाच स्टेशनजवळ काढा. कोइंबतूरला राहून पहाटे धावपळ करण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग चेन्नईचा. नागपूरहून चेन्नई आणि रात्रीची नीलगिरी एक्सप्रेस, ती सकाळी सहा-सव्वासहाला मेट्टुपाळयमला टेकते आणि डोंगराची गाडी समोरच उभी असते. हा मार्ग छान दिसतो, पण रात्रीची गाडी उशिरा आली तर सकाळ धोक्यात येते. एकटे जात असाल तर आदल्या रात्रीच पोहोचलेलं बरं.

केव्हा जावं? शेतीचं पाहणाऱ्याला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा. तूर निघालेली असते, हरभरा सोंगायला अवकाश असतो. तिकडच्या हवामानालाही हाच काळ बरा. आपला पावसाळा संपला म्हणून दिवाळीत जायचा बेत बरेच जण करतात, आणि तिथेच घोटाळा होतो. तमिळनाडूचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या काळात कल्लार ते कुन्नूरच्या घाटात दरडी येतात, रुळावर माती आणि झाडं पडतात आणि गाडी दिवसेंदिवस बंद राहते. बंद पडतो तो बहुतेक हाच खालचा, वाफेचा भाग. वरची डिझेलची गाडी कधी कधी चालूच असते. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे खात्यात परत येतात, पण तुमचा दिवस गेला तो गेला. म्हणून परतीच्या लांबच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

आता प्रत्यक्ष सकाळ. साडेसहाला फलाटावर या आणि थेट गाडीच्या मागच्या टोकाला जा. इंजिन पुढे नसतं, मागे असतं. कापसाची भरलेली बंडी चढावर अडली की मागून खांदा लावतात, तसं हे इंजिन डबे खालून वर ढकलतं. कारण सोपं आहे. चढावर डब्यांची जोडणी तुटली आणि इंजिन पुढे असलं, तर सुटे डबे मागे घरंगळत जातील. इंजिन खालच्या बाजूला असलं की ते टेकू देऊन असतं. पण मग ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही. त्यासाठी डब्यांच्या टोकाला ब्रेक्समन, म्हणजे ब्रेक सांभाळणारे कर्मचारी, उभे असतात आणि पुढून मागे झेंडी दाखवत इशारा पोचवतात. सगळ्यात पुढच्या डब्यातला माणूसच गाडीचे डोळे असतो म्हणा ना. खिडकीतून मान न काढताही हिरवी झेंडी एका डब्यावरून दुसऱ्या डब्याकडे जाताना दिसते.

यातूनच जागेचा निर्णय होतो. दरी, बोगदे आणि पुढचा रूळ पाहायचा असेल तर पुढचा डबा. इंजिन ऐकायचं असेल तर शेवटचा. वाफेसाठीच चाललात तर मी शेवटचाच सांगेन. जागा निवडता आली नाही तरी थांब्यांवर उतरून मागे जाता येतं.

मेट्टुपाळयम ते कल्लार हे पहिले आठेक किलोमीटर सपाटीचे. सुपारीच्या बागा, आणि साध्या इंजिनासारखी छक-छक. कल्लारला जागे राहा, कारण इथून पुढे सुमारे 20 किमी दातेरी रूळ आहे. दोन रुळांच्या मध्ये शेजारी शेजारी दोन दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि त्यांचे दात एकमेकांसमोर न येता आलटून पालटून येतात. इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक त्यात अडकतं. दात आलटून पालटून असल्यामुळे कुठल्याही क्षणी एक तरी दात पूर्ण पकडलेला असतो, त्यामुळे हिसका बसत नाही. ही आब्ट पद्धत. पट्टी सुरू होते ते टोक स्प्रिंगवर तरंगतं ठेवलेलं असतं, म्हणजे चाकाचे दात चुकीच्या जागी पडले तरी पट्टी दबते आणि पुढे जाऊन दात आपोआप बसतात. गाडी इथे अगदी माणसाच्या चालीवर येते, खालून एक घर्रऽ असा आवाज येतो, थांबतो आणि मग चढ सुरू होतो.

चढ किती? 12 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर एवढ्या चढाला नुसत्या घर्षणाने टिकत नाही, घसरतं, म्हणून हे दात. वेग ताशी 13 किमीच्या आत. सायकलवाला पुढे निघून जाईल.

इंजिन एक्स क्लासचं, मूळ बनावट स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची. अलीकडची काही तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बनली. याला चार सिलिंडर आहेत. बॉयलरची ताजी, जास्त दाबाची वाफ आधी खालच्या दोन सिलिंडरांत जाते आणि साधी चाकं फिरवते. तिथून निघालेली वाफ वाया न घालवता वरच्या दोन सिलिंडरांत घेतात आणि तीच दातेरी चाकं फिरवते. सपाटीवर फक्त खालची जोडी काम करते. म्हणून कल्लारच्या आधी आणि नंतर धुराड्याचा आवाज वेगळा येतो: आधी कोरडा, तुटक, नंतर जड, गच्च. एका बाजूला एकावर एक असे दोन सिलिंडर आणि वेगवेगळ्या तालात हलणारे दांडे दिसतात. ते पाहायला वाटेतल्या हिलग्रोव्ह स्टेशनसारखी जागा नाही.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं. इतक्या चढाला वाफ झपाट्याने खर्च होते, म्हणून वाटेत पाण्यासाठी थांबावंच लागतं. पुढे रनीमीडलाही तेच. जाड नळा टाकीच्या तोंडात सोडतात, कर्मचारी सांध्यांना तेल घालतात, हाताने बेअरिंग चाचपतात. दहाएक मिनिटं मिळतात. चहा घ्या, पण खाण्याची पिशवी खिडकीत ठेवून उतरू नका. माकडं तयारच असतात. गाडीत संडास नाही, ते काम मेट्टुपाळयमला किंवा अशा थांब्यावरच उरकायचं. एकट्या माणसाने सामान कोणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न येतोच. उपाय एकच, पाठीवर मावेल एवढंच सामान. मोठी बॅग डब्यात ठेवायलाही जागा नसते.

कधी कधी गाडी रानातच थांबते आणि लोक घाबरतात. बहुतेक वेळा बॉयलरचा दाब उतरलेला असतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत थांबतात. कधी रुळावर फांदी, क्वचित हत्ती. वीस मिनिटं, अर्धा तास उशीर हा इथला रोजचा हिशेब आहे, त्यामुळे त्याच दिवशी दुपारी कोइंबतूरहून परतीची गाडी कधीही धरू नका.

एकूण 16 बोगदे आहेत, भिंती अगदी जवळून जातात. मोबाइल धरलेला हात बाहेर काढू नका. बोगद्यात शेवटच्या डब्यात काजळी येते, फिका शर्ट घालू नका. कोळशाचा वास येईल अशी अपेक्षा असेल तर सांगून ठेवतो, इथली बहुतेक इंजिनं आता तेलावर चालतात. फावड्याने कोळसा ओढणारा फायरमन पाहायचा असेल तर दार्जिलिंग. तिथे दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही दोन तासांची फेरी वाफेवर असते. डिझेलचीही असते, म्हणून तिकिटावर वाफेचीच फेरी निवडल्याची खात्री करा. इंजिन चिमुकलं, रूळ 2 फुटांचा, बतासियाचा वेढा (रुळाचं गोल वळण), आणि चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू टाकतात. पण दोन तासांसाठी विदर्भातून तेवढं लांब जायचं का, ते तुम्ही ठरवा. नेरळ-माथेरान जवळ आहे, पण रोजची गाडी डिझेलची.

कपड्यांचं: मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर, उटी 2,200 मीटरवर. सकाळी घाम, दुपारी स्वेटर. जानेवारीत उटीला रात्री कडाक्याचं हिव पडतं, आपल्या मेळघाटातल्या थंडीच्या अंदाजाने एक शाल घेऊन गेलात तर रात्रभर कुडकुडाल. पाण्याची बाटली स्टीलची न्या, निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांना बंदी आहे. जातानाच्या लांबच्या गाडीसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. तिकडच्या भाताने ज्याचं पोट भरत नाही, त्याने हे नक्की करावं.

गाडी साडेदहाच्या सुमारास कुन्नूरला पोचते. इथे डब्यात बसून राहू नका. वाफेचं इंजिन सुटून शेजारच्या शेडकडे जातं आणि डिझेल लागतं. तेवढी मिनिटं फलाटावरून सगळं अगदी जवळून दिसतं. पुढे वेलिंग्टन, केत्ती, लव्हडेल करत बाराच्या आसपास उटी. परतीची गाडी उटीहून दुपारी 2 ला आहे आणि कुन्नूरच्या खाली तीही वाफेवर उतरते. मात्र उतारावर इंजिनाचं काम गाडी ओढण्याचं नसतं, थोपवून धरण्याचं असतं, त्यामुळे सकाळचा तो जड आवाज संध्याकाळी मिळत नाही. तिकीट एकाच बाजूचं मिळत असेल तर चढाचं घ्या आणि उतरताना बसने या.