मुलांना स्नॉर्केलिंग करू द्यायचं का? द्या, पण शिकवा घरी, समुद्रात नाही

ताई, तुमचा प्रश्न असा की दिवाळीनंतर मालवणला जाऊन राहिले, मुलगी 7 वर्षांची आहे तिला पोहता येत नाही, मुलगा 11 चा त्याला विहिरीत मस्त पोहता येते, आणि घरचे म्हणतात लाइफ जॅकेट तर देतातच मग कशाची भीती. तर सरळ सांगतो, स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघणं, त्याला दोघांनाही नेता येते. फक्त एक गोष्ट पाळा, मास्क आणि नळी पोट्ट्यांच्या तोंडाला पहिल्यांदा बोटीवर लागली असं होऊ देऊ नका. शिकायचं ते इकडंच, घरच्या टाक्यात. समुद्रात फक्त मासे पाहायला जायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडचा, शेती अन् कृषी केंद्र, समुद्राशी तसा काही संबंध नाही, पण साळा मालवणात नोकरीला असल्यामुळं जाणंयेणं असते आणि माझे दोन्ही पोट्टे यातून गेलेले आहेत म्हणून लिहून राहिलो.

तिथं होते काय ते आधी ऐका. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ भागात बोट थांबते, बोट डावीउजवीकडं हलून राहते, सोबत आठ-दहा अनोळखी लोक ओरडत असतात, कोणाला मळमळत असते. गाइड मास्क घट्ट लावून देतो, नळी तोंडात द्या म्हणतो, रिंग पकडा आणि डोकं खाली घाला. झालं ट्रेनिंग. मोठ्या माणसाला हे कसंतरी जमून जाते. पण लहान लेकराचं नाक अचानक बंद झालेलं, तोंडात रबर, त्यात खारं पाणी पहिल्यांदाच चाखलं, ते काय करणार, मास्क ओढून काढते, पाणी पिते, रडते. नंतर वर्षभर समुद्राचं नाव काढलं तरी नाही म्हणते. पाण्यात गडबड होते ती बहुतेक या घाबरण्यातूनच, मासा बिसा कोणी चावत नाही.

आता तुमच्या मुलाचं. विहिरीत पोहता येते ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याच्यावर जास्त भरवसा ठेवू नका. आपल्याकडं पाठीला डबा बांधून काका ढकलून देतो आणि पोट्टं हातपाय झाडत शिकते, मान वर, छाती फुगवलेली, श्वास धरून ठेवलेला. स्नॉर्केलिंगमध्ये सगळं याच्या उलटं आहे. मान खाली, अंग सैल, हात जवळपास बंद, पाय सावकाश, आणि श्वास कधीच धरायचा नाही, तोंडानं लांब आत लांब बाहेर असा चालूच ठेवायचा. पोहता येणारी मुलं यातच अडकतात कारण चेहरा पाण्यात गेला की श्वास धरायची सवय लागलेली असते. ज्याला पोहता येत नाही ती मुलगी कधीकधी लवकर शिकते, तिला काही विसरायचं नसते. आणि विहिरीला पायऱ्या असतात, पाणी जागेवर असते, समुद्रातलं पाणी तुम्हाला न विचारता सरकवत नेते.

सुरुवात कोरड्यात करा. संध्याकाळी अंगणात किंवा टीव्हीसमोर मास्क लावून बसवा, नाक बंद, तोंडानं श्वास, जितका वेळ मजा वाटते तितका वेळ. दुसऱ्या दिवशी नळीसकट. हसू येते, फोटो काढतात, काढू द्या. मग एक मोठं गंगाळ किंवा टब भरून चेहरा आत आणि नळीतून श्वास, तुम्ही शेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे तिचं ध्यान श्वासावरून हटते. हे जमलं की मग शेतातलं सिमेंटचं टाकं, तिच्या कमरेएवढंच पाणी ठेवून, तुम्ही स्वतः आत उतरून. तालुक्याला किंवा जिल्ह्याला क्रीडा संकुलाचा पूल असला तर उत्तमच, पण खरं सांगतो टाक्यातच निम्म्याच्या वर काम होऊन जाते.

शेततळ्यात मात्र अजिबात नाही. खाली प्लास्टिक असते, त्यावर शेवाळ, एकदा पाय घसरला की मोठा माणूससुद्धा काठावर चढू शकत नाही, आपल्या भागात दर उन्हाळ्यात बातमी येतेच. विहिरीतही नाही, कारण शिकताना पायाखाली तळ लागला पाहिजे. साचलेलं कोमट गढूळ पाणी पण टाळा, अशा पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जातो, केरळात 2024 मध्ये यानं मुलं दगावली. टाकं घासून बोअरचं ताजं पाणी भरा, धोका बराच कमी होतो.

टाक्यात दोनच गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, नळीत पाणी आलं तर काय. येणारच, लाट आली की येते. चुलीत फुंकणीनं फुंकतो तशी एक जोरात छोटी फुंक मारायची, पाणी वरून उडून जाते. पुढचा श्वास मात्र हळू घ्यायचा, थोडं राहिलेलं असते. तुम्ही मुद्दाम नळीत कपभर पाणी ओता आणि तिला फुंकायला लावा, पोट्ट्यांना हा खेळ भयानक आवडतो, मग तुमच्यावरच उडवतात. फुंकता आलं नाही तर नळी थुंकून टाकायची, डोकं वर, साधा श्वास घ्यायचा, यात हार नाही हेही सांगून ठेवा. दुसरी, मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोकं वर काढून मास्कची खालची कड बोटानं जराशी उचलायची, पाणी निघून जाते. पूर्ण मास्क कपाळावर ढकलायचा नाही, लाटेत तो गेला की सापडत नाही. आणि एक इशारा ठरवा. बोटांचा गोल म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर करू नका, पाण्यातल्या लोकांत त्याचा अर्थ ‘वर चला’ असा घेतात, गाइड तुम्हाला बोटीवर ओढेल.

मास्क घरचाच न्या, एवढा खर्च करा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं हलकाच श्वास ओढायचा, हात सोडला तरी चिकटून राहिला म्हणजे साइज बरोबर. मुलीचे केस कडेखाली एक जरी अडकले तरी पाणी झिरपते, घट्ट वेणी घाला. कड सिलिकॉनची पाहिजे, काच टेम्पर्ड, आणि नाक आत झाकलं गेलं पाहिजे, पोहायच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहते म्हणून तो इथं चालत नाही. नवा मास्क आतून टूथपेस्टनं घासून धुवा नाहीतर सारखी वाफ धरते, आणि पाण्यात जायच्या आधी आत थुंकून विसळायचा, किळस वाटली तरी बेबी शाम्पूचा थेंब सोडला तर याच्याइतकं काही चालत नाही. चष्मा असेल तर वरून मास्क बसत नाही, नंबरचा मास्क मिळतो तो बघा. तुमच्या मिस्टरांना मिशा असल्या तर नाकाखालून थोड्या कातरून घ्या म्हणा, सगळं पाणी तिथूनच येते. ते नाही म्हणतील, तो तुमचा घरचा मामला.

नळी लहान मुलांचीच घ्यायची, आखूड आणि बारीक. नळीत उरलेली आपलीच सोडलेली हवा परत आत ओढली जाते, म्हणून छोट्या छातीला मोठी नळी म्हणजे शिळी हवा. त्याच कारणानं मी तो पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मुलांना देत नाही. दिसायला भारी, ऑनलाइन स्वस्त, मुलं हट्ट करतात. पण पाणी शिरलं तर नळी थुंकता येते तसा तो थुंकता येत नाही, पूर्ण सोडवून काढावा लागतो, आणि त्यातले स्वस्तातले तर आतली हवा नीट बाहेर टाकत नाहीत. माझं मत आहे, कोणाला पटणार नाही.

लाइफ जॅकेटबद्दल घरच्यांना एवढं सांगा की जॅकेट तरंगवते, नळीतून पाणी घशात जाणं ते थांबवत नाही. आणि मोठ्याचं जॅकेट लहानाला घातलं तर पोरगी खाली सरकते आणि जॅकेट कानाशी येते. सगळे बकल लावून खांद्यापाशी धरून वर उचला, हनुवटीच्या वर गेलं तर मोठं आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच मागा. दंडात घालायचे फुगे आणि हवेच्या ट्यूब ही खेळणी झाली, त्यांच्या भरवशावर नाही.

तिथं पोचल्यावर पहिल्या दिवशी बोट नाही. तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी वारा पडलेला असताना कमरेएवढ्या पाण्यात टाक्यातलाच सराव पुन्हा करा, खाली वाळूशिवाय काही दिसणार नाही, पण खारं पाणी आणि लाट यांची ओळख होते. देवबागकडं कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं फोटो काढा, पोहू नका, ओढ फार आहे. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, ओढ संपली की मग बाहेर यायचं.

बोटवाल्याला पैसे द्यायच्या आधी विचारा: लहान साइजचं जॅकेट दाखवा, पाण्यात आमच्यासोबत कोण उतरणार, वर चढायला शिडी आहे का. नीट उत्तर दिलं नाही तर दुसरा बघा, मालवणात बोटवाल्यांची कमी नाही. पाण्यात एका पोरामागं एक मोठा माणूस, हात लांबवला की अंगाला लागेल एवढ्या अंतरावर. गाइड हा त्याच्या वर जास्तीचा. आणि ज्याच्याकडं पोरगी आहे त्यानं मोबाइल, कॅमेरा काही धरायचं नाही. बुडणारं लेकरू आरडाओरडा करत नाही ताई, तोंड पाण्याच्या पातळीला आलं की आवाजच निघत नाही, आपण व्हिडिओत बघत असतो आणि ते बाजूला गप झालेलं असते. मुलाला एक गोष्ट ताकीद देऊन सांगा की जोरजोरात श्वास घेऊन खाली कोण जास्त वेळ राहते ही शर्यत नाही, यात माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो, आधी काही कळतसुद्धा नाही.

एका वेळी 15-20 मिनिटं पुष्कळ झाली. पाणी हवेपेक्षा जवळपास 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढते, आपल्या यवतमाळच्या उन्हात वाढलेली पोरं तर लवकरच कुडकुडतात, ओठ निळे दिसले की बाहेर. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग घाला, पाठ आणि गुडघ्यामागचा भाग उलटं तरंगताना भाजतो आणि ते रात्री कळते. आदल्या रात्री तिखट मटण हाणून सकाळी बोटीत बसू नका, बाकी काही नाही.

खाली दिसणारं पोवळं दगड वाटतो पण जिवंत आहे, त्यावर उभं राहायचं नाही. मालवणचा तो पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि पोवळं उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मुलांना आधीच सांगा नाहीतर खिशात तुकडे सापडतात. माशांना ब्रेड टाकतात लोक, तुम्ही टाकू नका. जेलीफिश लागला तर चोळू नका, गोडं पाणी टाकू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा.

आता नको वाटलं तरी वाचा. कोणी बुडून बाहेर काढलं आणि श्वास नसला तर आपल्याकडं उलटं टांगतात, पोट दाबून पाणी काढतात, तसं करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनळीत जाते. आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबणं आणि 2 श्वास, असं मदत येईपर्यंत, दुसऱ्यानं तोपर्यंत 108 लावायचा. हे वाचून येत नाही, जायच्या आधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाकडून तरी करून बघा. आणि पाणी गिळलेलं पोरगं बाहेर येऊन नंतरही खोकत राहिलं, श्वास फास्ट झाला किंवा गळून झोपाळलं, तर हॉटेलवर नाही, दवाखान्यात.

सर्दी असेल, कान दुखत असेल तर त्या दिवशी नाही. दमा किंवा फेफरं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. घरातल्या बीपी-हार्टवाल्या मोठ्यांनासुद्धा हेच लागू, नळीतून श्वास ओढायला ताकद लागते. आणि एक क्वार्टर मारून पाण्यात उतरणारे काका प्रत्येक ट्रिपमध्ये एक असतातच, त्यांना बोटीतच बसवा.

पावसाळ्यात तिकडं वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, दिवाळीनंतर पाणी निवळत जाते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं दिसते, म्हणजे तुमचा टाइम बरोबर आहे. नागपूर–मडगाव गाडी धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव करत जाते, कुडाळला उतरायचं, पण ती स्पेशल म्हणून चालते तेव्हा चालू आहे का ते आधी बघा. मालवणात दोन पूर्ण दिवस तरी ठेवा. एकच दिवस ठेवला की वारा असला तरी, मुलगी नको म्हणत असली तरी, पैसे भरलेत म्हणून उतरवलं जाते. दोन दिवस असले तर पहिल्या दिवशी ती नाही म्हणाली तरी किल्ला बघता येतो, ओहोटीला खडकातल्या डबक्यांत खेकडे बघता येतात, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पाण्यातून ओरडून मासे सांगायला लागला की बरेचदा स्वतःच मास्क मागते.